पाठीवर उठलेलं गवत

रामीबाईच्या मते घरात दुखणं दोनच वाटांनी शिरतं, एक तोंडावाटे आणि दुसरं सुनेच्या पायावाटे. तोंडाची वाट तिने आयुष्यभर राखली होती. शिळं ती ढोरांना घालायची, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि बाजारातली भजी घेऊन येणाऱ्याला दारातच उभं करून खायला लावायची. तेव्हा तिच्या जीवनच्या तोंडावर जे उठलं ते कोणत्या वाटेने आलं असेल, याचा तिला फार विचार करावा लागला नाही.

जीवन तिचा एकुलता एक. नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरून पडून गेला तेव्हा पोरगा नुकता चालायला लागला होता. तिने त्याला एकटीने वाढवला, दहावीपर्यंत शिकवला आणि महागावला इकबालभाईच्या दुकानात कामाला लावला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, त्यात नवी तांब्याची तार भरायची आणि पुन्हा चालू करून द्यायच्या, हा त्या दुकानाचा धंदा. जीवनचा हात असा बसला की लोक इकबालभाईला सोडून त्यालाच विचारत यायचे. मागच्या वैशाखात त्याचं लग्न झालं, दिग्रसकडच्या तांड्यातल्या देवसिंगच्या मुलीशी. जया नाव. ठसठशीत पोरगी, बारावी शिकलेली, कामाला वाघीण. वरातीत रामीबाई स्वतः नाचली होती, हे सगळ्या तांड्याने पाहिलं आहे.

आषाढ सरता सरता जीवनच्या पापण्या सुजल्या. मग मानेवर, कानामागे, कोपराच्या वळणात लाल चट्टे उठले. पोळ्यापर्यंत तोंड काळं पडलं आणि कातडी जुन्या चपलेसारखी जाड झाली. खाज अशी, की झोपेत स्वतःला ओरबाडून घ्यायचा आणि सकाळी उशी रक्ताने डागलेली असायची. महागावच्या डॉक्टरने खाजेच्या गोळ्या आणि एक ट्यूब दिली. ती लावली की आठ दिवस बरं, सोडली की दुप्पट. तांड्यातली माणसं बोलता बोलता हातभर मागे सरकायला लागली. महारोग हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण त्याच्या हातचा चहा एकदोघांनी नको म्हटला.

आता एक गोष्ट तिने नीट पाहिली होती. दुकानात कामाचा रेटा असला की जीवन तिकडेच मुक्काम करायचा. तिकडे चार-आठ दिवस राहिला की तोंड उतरायचं, खाज थांबायची. घरी आला की दुसऱ्या दिवशी डोळे पुन्हा मिटलेले. मग घरात असं काय होतं, जे दुकानात नव्हतं? घर तेच, चूल तीच, आई तीच. नवी होती ती फक्त सून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की भली भली माणसं कावळ्यालाच दगड मारतात. रामीबाई तर त्या पोराची आई होती.

उपाय तिने केला नाही असं कोणी म्हणू नये. तिच्या सासूच्या घरची एक रीत होती. गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोक बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासूनची. तळ जिथे पडेल तिथे वाटेकडेचं गवत उपटायचं, कोणी न पेरलेलं, कोणी पाणी न घातलेलं; ते जाळायचं आणि त्या धुरात बायापोरांना बसवायचं. वाटेत लागलेली नजर त्यात निघून जाते. पुढे बैल गेले, फिरणं गेलं, लोक घरं बांधून एका जागी राहिले. पण सासूने रीत सोडली नाही, तिला नवं काम दिलं. नवी सून वाटेने येते, वाटेची नजर घेऊन येते, म्हणून वर्षभर रोज दिवेलागणीला नवरा-नवरी दोघांना धुरी द्यायची. रामीबाई स्वतः तशी वर्षभर बसली होती आणि तिचं काही वाईट झालं नव्हतं.

जया घरात आली त्या दिवसापासून धुरी सुरू झाली. धुरीत काय घालायचं ते बायांनी पाहायचं, पुरुषाने डोळे मिटून बसायचं, असा नियम. जीवन मुकाट बसायचा, शेजारी जया बसायची. त्याचं तोंड दिवसेंदिवस बिघडत चाललं आणि हिच्या अंगावर साधी पुळी नाही. रामीबाई मडक्यातल्या धुरापलीकडून दोघांकडे पाहायची आणि तिला वाटायचं, आपण इकडून काढतो आहोत आणि ही तिकडून घालते आहे.

जया एकच सांगत होती, की ह्यांना यवतमाळला चामडीच्या मोठ्या डॉक्टरकडे न्या. रोज सांगायची. सांगून दमली की कामाला लागायची. घराभोवती कमरेएवढं गाजरगवत माजलं होतं. मच्छर होतात म्हणून तिने ते एकटीने, उघड्या हातांनी उपटून नाल्याकडे नेऊन टाकलं. अंगण आरशासारखं झालं. रामीबाईने त्याचंही कौतुक केलं नाही. एवढी राबते ती कशाला, काहीतरी झाकायला असेल, असं तिला वाटलं. माणसाचं मन एकदा वाकडं झालं की सरळ काठीही पाण्यात मोडलेली दिसते.

मग एक दिवस नळावर तिने मन मोकळं केलं, ते गंगीजवळ. गंगी शेजारीण, लहानपणापासूनची, जीव लावणारी, आणि तोंडात तीळ न भिजणारी. रामीबाई म्हणाली की माझ्या पोराला सूनच लागली आहे, तिच्या नजरेत काहीतरी आहे. गंगीने हंडा भरून होईस्तोवर ऐकलं. दुपारपर्यंत ते तांडाभर झालं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला एक जुना शब्दही चिकटला. डाकण. हरिसिंग नायक तांड्याचा प्रमुख, शिकलासवरलेला माणूस. तो कायद्याला भिऊन तो शब्द आपल्यासमोर उच्चारू देत नसे. त्यामुळे लोक तो त्याच्यामागे उच्चारत. बाया जयाला पाहून लेकरं पदराखाली घ्यायला लागल्या.

दसऱ्यानंतर रामीबाईने सुनेची पेटी, भांडी, कपडे, सगळं एका ऑटोत घालून तिला बापाकडे पोचतं केलं. जयाने जाताना जीवनकडे पाहिलं. जीवन डोळे सुजलेला, औषधाच्या गुंगीत, ओट्यावर बसला होता. आई घर चालवत आली होती आणि तो आजवर तिच्यापुढे कधी बोललाच नव्हता, तर त्या दिवशी कुठून बोलणार.

सून गेली. आता पोरगा बरा व्हायला हवा होता. तो झाला नाही. रामीबाईने धुरी बंद केली नाही, उलट सकाळचीही सुरू केली, कारण गेलेलीचं मागे राहिलेलं काढायचं होतं. जीवनच्या तोंडावरच्या चट्ट्यांतून पाणी वाहायला लागलं. गंगी म्हणाली की ती तिकडे बसूनही करत असेल, आणि रामीबाईला ते पटलं.

शेवटी मध्ये पडला तो इकबालभाई. तो एका सकाळी मोटरसायकल घेऊन आला आणि पोराला सरळ आपल्या घरी घेऊन गेला. त्याची एक वेगळीच भीती होती. मोटारीच्या तारेवर जे वार्निश लावतात ते तर बाधलं नसेल? तसं निघालं तर चांगला कारागीर गेला, आणि पाप आपल्या डोक्यावर. यवतमाळच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे तोच घेऊन गेला. त्यांनी गोळ्या दिल्या, अंग आधी शांत होऊ द्या म्हणाल्या, मग पाठीवर पट्टी लावून तपासू. इकबालच्या घरी दोन-तीन आठवड्यांत जीवनचं तोंड निवळलं.

इकडे देवसिंगनेही दम धरला नव्हता. त्याने हरिसिंग नायकाकडे निरोप पाठवला की नसाब बसवा. नसाब म्हणजे तांड्याची बैठक. एक तर माझी पोरगी मानाने घरात घ्या, नाही तर सोडचिठ्ठी द्या, लोंबकळत ठेवू नका. नायकाने तारीख धरली ती मुद्दाम तपासणीनंतरची. डॉक्टर काय सांगतो ते ऐकू, मग ठरवू. म्हणजे जयाचा संसार राहणार की मोडणार, हे आता जीवनच्या पाठीवर ठरणार होतं. रामीबाईने याला मान्यता दिली. पट्टीत सुनेचं नाव निघणार नाही एवढं तिलाही कळत होतं, पण काही निघालंच नाही तर उरणार कोण?

पट्टी लावायच्या दिवशी ती स्वतः एस.टी.ने यवतमाळला गेली. डॉक्टरीणबाई तिच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी जीवनला पाठमोरं बसवलं आणि त्याच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या. प्रत्येक पट्टीत टिकलीएवढ्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत एकेका वस्तूचा अर्क. कशात गाजरगवत, कशात शेवंती, कशात सूर्यफूल, कशात गोखरू, आणि इकबालच्या शंकेपायी एकात वार्निशातलं काहीतरी. कडेने शाईने खुणा केल्या. दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही, उन्हात फिरणं नाही, आणि कितीही खाजलं तरी हात लावायचा नाही. जी वस्तू ह्याच्या अंगाला चालत नाही तिच्याच खाली कातडी उठेल, बाकीच्या गप्प राहतील, असं त्यांनी समजावून सांगितलं. रामीबाईला ते आवडलं. तांड्यातही चोर धरायचा तर संशयितांना ओळीत उभं करतात.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा एक खूण लाल झाली होती. आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तिथे बारीक फोड उठून सुकायला लागले होते, आणि बाकी सगळी पाठ कोरी होती. डॉक्टरीणबाईंनी रामीबाईला जवळ बोलावलं, तिचं बोट धरून त्या जागेवर नेलं आणि सांगितलं, हे गाजरगवत.

इकबालने मोठा श्वास सोडला. रामीबाईने सोडला नाही.

"घराजवळ हे गवत आहे का, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक काडी नाही. सुनेनं सगळं उपटलं. हातानं."

मग तसंही होतं, त्या म्हणाल्या. गवत उपटणाऱ्याच्या कपड्यांवर, केसांवर त्याची भुकटी बसते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला बाधते. ज्याने उपटलं त्याला काही होत नाही, शेजारी झोपणाऱ्याला होतं. वाळलेलं असलं तरी त्याची धूळ तशीच वाईट. त्या अजूनही काही सांगत होत्या, पण रामीबाईचे कान तिथेच बंद झाले. निघालं की नाही? यंत्राने, औषधाने, शिकलेल्या बाईच्या तोंडून निघालं. सुनेच्याच अंगावरून आलं.

घरात रोज धुरी होते, हे तिने सांगितलं नाही. लपवलं असं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं नव्हतं, आणि देवाधर्माचं दवाखान्यात सांगायचं नसतं.

नसाब दुसऱ्या दिवशी दुपारी होती. त्यासाठी जीवनला ती आपल्याबरोबर तांड्यावर घेऊन आली. इकबाल म्हणत होता की उद्याच आणतो, आज माझ्याकडेच राहू द्या. तिने ऐकलं नाही. उतरल्या उतरल्या तिने गंगीला बातमी दिली, गंगीने पुढे दिली. दिवेलागणीला रामीबाईने मडकं भरलं. उद्या कायमचा निकाल लागायचा होता, तेव्हा आज घरात काही शिल्लक राहायला नको. गवताच्या दोन मुठी जास्त घातल्या. दार लोटून घेतलं. जीवन समोर बसला, डोळे मिटून, खोकत. धूर आढ्याला टेकेपर्यंत तिने त्याला उठू दिलं नाही.

सकाळी त्याला डोळे उघडता येईनात. ओठ सुजले होते, मान लालबुंद. गेल्या कित्येक दिवसांत जे निवळलं होतं ते एका रात्रीत होतं तिथे आलं होतं. तो भिंतीला धरून ओट्यापर्यंत आला आणि आईकडे पाठ करून बसला.

"याडी, पाठ पाह्य बरं. आग होऊन राह्यली."

तिने सदरा वर केला. शाईच्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या. काल जी जागा सुकत आली होती ती पुन्हा उठली होती. रुपयाएवढी, लाल, पाण्याच्या फोडांनी भरलेली, जणू आत्ता कोणी तिथे पुन्हा पट्टी लावून गेलं होतं. रामीबाईने एकेक खूण तपासली. शेवंतीची गप्प. सूर्यफुलाची गप्प. गोखरू गप्प, वार्निश गप्प. तिचं बोट धरून जिथे नेलं होतं तीच एक जागा बोलत होती.

ती म्हातारी खुळी नव्हती. तिने हिशेब मांडला, जसा पावसाळ्यात मांडला होता. कालपासून ह्याने गाजरगवत कुठे गाठलं? इकबालच्या घरी नाही, तिथे तो इतके दिवस नीट होता. एस.टी.त तीही बरोबर होती. अंगण साफ. सून घरात नाही, तिची पेटी नाही, तिचं लुगडं नाही, उशीवर तिचा केस नाही.

"जया तर घरात नाही, याडी," जीवन म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता, रागाने नाही, कोणी उरलेल्या वस्तू मोजाव्या तसं.

रामीबाई उठली आणि चुलीमागे गेली. तिथे धुरीच्या गवताची पेंढी होती, तिने स्वतः आणलेली. तांड्याकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला ती दर आठवड्याला जायची आणि वाळून उभं राहिलेलं गवत उपटून आणायची. सासूच्या वेळी तिथे रोशा असायचा, तरोटा असायचा, तरवड असायची. त्यांना मागे सारून आता तिथे एकच उगवत होतं, कोणी न पेरलेलं, कोणी पाणी न घातलेलं. तिने पेंढी हातात चुरली. बारीक तपकिरी बोंडं, गवत ओलं असताना पांढरी असतात ती. भुकटी तिच्या बोटांवर, बांगड्यांवर, लुगड्यावर बसली. ती हे गवत ओळखत नव्हती थोडीच? लेकरूही ओळखतं. पण वाळलं की तिच्या लेखी ते गाजरगवत राहत नव्हतं, वाटेचं गवत होत होतं. आणि आगीत गेलं की तेही राहत नव्हतं. आगीत गेलेलं शुद्ध, हे तिला आईने शिकवलं होतं, सासूने शिकवलं होतं, आणि तिने कधी उलटून पाहिलं नव्हतं.

ती तिथेच खाली बसली. पोराचं तोंड आपण जाळलं, आपल्या हाताने, रोज, देवाचं नाव घेऊन. मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. हे कोणालाच माहीत नाही. पेंढी चुलीत सरकवली की संपलं. डॉक्टरीणबाई म्हणालीच आहे, उपटणारीच्या कपड्यांवरून येतं. नसाबीत तेवढंच सांगायचं, ते खोटंही नाही. देवसिंग पोरगी घेऊन जाईल, जीवन बरा होईल, वर्षाने दुसरी सून येईल. रामीबाई हा विचार करत बराच वेळ बसली होती, आणि कोणी तिला साधुसंत समजू नये, तिने ती पेंढी चुलीपर्यंत नेलीही होती. पण चुलीत घातली असती तर धूर झाला असता, आणि ओट्यावर पोरगा बसला होता.

दुपारी सेवालाल महाराजांच्या देवळासमोर नसाब बसली. हरिसिंग नायक मध्ये, पुरुष दोन्ही बाजूंना, बाया मागे. देवसिंग मान ताठ करून बसला होता आणि जया त्याच्या मागे उभी होती. वाळली होती. इकबालभाई तपासणीचं सांगायला आला होता, तो जीवनचं तोंड पाहून हादरला. नायकाने त्याला बोलायला सांगितलं. त्याने गाजरगवताचं सांगितलं, आणि बायांच्या घोळक्यातून लगेच आवाज आला की ते तर सुनेनंच उपटलं होतं. देवसिंग काही बोलायला उठला. तेवढ्यात रामीबाई पुढे आली आणि तिने पेंढी नायकासमोर टाकली.

"हे मी जाळलं," ती म्हणाली. "रोज जाळलं. पोराले धुरात मी बसवलं. जयानं काही केलं नाही. तिनं तर दवाखान्यात न्या म्हनलं होतं, मीच आइकलं नाही."

तिने जीवनचा सदरा वर करून पाठ दाखवली. कालच्या धुरीने हीच खूण पुन्हा उठली, दुसरी एकही नाही, हे समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईने सांगावं तसं सांगितलं, बोट ठेवून. सून नसताना झालं, म्हणजे सुनेने झालं नाही, हे तर बैलालाही कळेल असं तिला वाटलं. इकबालला कळलं, त्याने कपाळावर हात मारला. नायकालाही कळलं असावं. बाकीचे पुरुष वाकून पाठ पाहत होते आणि त्यांना पाठीवर निळ्या शाईच्या रेघा आणि एक फोड दिसत होता.

आणि मागे बायांमध्ये कुजबुज उठली. सासू भर नसाबीत सुनेची बाजू घेते, सगळं आपल्या अंगावर ओढून घेते, असं ह्या तांड्यात कधी झालं आहे? कालपर्यंत ही काय म्हणत होती, आज काय म्हणते? पोराचं तोंड पाहा, ती तांड्यात आली आणि आजच उठलं. कोणीतरी हळू म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सासूलेही मंत्रानं बांधलं तिनं."

रामीबाई वळली. तो आवाज गंगीचा, हे तिने ओळखलं. असं नाही, असं नाही, म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, आणि जेवढं सांगत गेली तेवढ्या बाया तिच्याकडे जास्त कळवळून पाहायला लागल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. आपण सुनेबद्दल जसा हिशेब मांडला होता तसाच ह्या बायांचाही होता, कुठून तोडावा तिला कळेना. ती थांबली.

नायकाने मग घाईने निकाल दिला. गवताचा दोष, माणसाचा नाही. लग्न मोडायचं कारण नाही. पोरीने नांदायला यावं. देवसिंगने जयाकडे पाहिलं. जया पुढे आली. ती सासूशी बोलली, नायकाशी नाही.

"तुमी आज खरं बोलल्या, याडी. मी आइकलं. आता ह्या बाया काय बोलून राह्यल्या तेही मी आइकलं. मी ह्यायच्यासंगं राहीन, पन ह्या तांड्यात नाही. उद्या माहं लेकरू होईन, त्याले पाहूनही ह्या बाया आपली लेकरं पदराखाली घेतीन."

जयाने मग जीवनकडे पाहिलं, ऑटोत बसताना पाहिलं होतं तसं. जीवन या वेळी उठला. त्याला नीट दिसत नव्हतं, तो हात पुढे करून चालत होता, आणि जयाने त्याचा हात धरला. इकबालने आपल्या दुकानामागची खोली रिकामी आहे म्हणून सांगितलं. जाताना जीवन आईपाशी थांबला आणि म्हणाला की बरा झालो की येईन. बरा राहायचा असेल तर त्याने यायला नको, हे दोघांनाही कळत होतं. तिने मान हलवली. त्याच्या तोंडावरून हात फिरवावा असं तिला फार वाटलं, पण बोटांवर अजून भुकटी असेल म्हणून तिने हात पाठीमागे धरले.

बैठक उठली. लोक पांगले. रामीबाई देवळाच्या पायरीवर बसून राहिली. गंगी तांब्याभर पाणी घेऊन आली, तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. त्या हातात खरी माया होती, आणि तेच रामीबाईला सहन होईना.

"गंगे, जयाच्या नजरेचं ते बोलनं तुहं नव्हतं," ती म्हणाली. "नळावर मीच सांगतलं होतं तुले. माह्याच डोक्यातून निघालं होतं ते. खोटं होतं."

गंगीने तिला पाणी पाजलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

"हो रामी, तूच सांगतलं होतं," ती समजुतीने म्हणाली. "पन तवा तू शुद्धीवर होती."